आकाशावर बॉलपेन

काल संध्याकाळपासून डोकं फिरलंय, आणि कारण काय, तर एक निळं बॉलपेन.

मेस्कालच्या, म्हणजे घायपातापासून गाळलेल्या दारूच्या, बाटलीवरच्या लेबलाचे पहिले ठसे घेऊन मेक्सिकोत, वाहाका राज्यातल्या सांता कातारिना मिनास गावाला गेले होते. छापण्यासाठी लिनोचा ठोकळा कोरून धरलेलं मनगट अजून सुटलेलं नाही. चित्रात खाली कड्याला बिलगलेलं तेपेस्ताते, म्हणजे एक रानटी घायपात, त्याची रुंद, वेडीवाकडी पानं, आणि वर नुसतं आकाश. त्या आकाशासाठी तर सगळा जीव काढला. लिहायला म्हणून खाली उजवीकडे पट्टी कोरी सोडलीच होती. माएस्त्रोंनी, म्हणजे मेस्काल गाळणाऱ्या उस्तादांनी, ठसा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, खिशातलं पेन काढलं आणि आकाशाच्या बरोब्बर मधोमध लिहिलं: तेपेस्ताते, 48. शाईवर फुंकर घातली. म्हणाले, "झालं."

झालं?

त्यांची मुलगी हसली, मीही हसले. परतीच्या गाडीत मात्र रडू येत होतं. एवढ्या लांब येऊन, चित्रकार तोलेदोंनी 1988 साली उभ्या केलेल्या त्या ग्राफिक कलेच्या संस्थेत दिवसच्या दिवस छापचित्रं बघून, शेवटी मी रकाना भरायचा फॉर्म छापला की काय? देल मागेय या मेस्काल कंपनीच्या बाटल्यांवर केन प्राइस या कलाकाराची चित्रं आहेत. ती कंपनी 1995 साली काढली तीच मुळी एका चित्रकाराने, रॉन कूपरने. तिथे चित्राच्या छातीवर कुणी असं लिहिलं असतं? (प्राइस कूपरचा मित्रच होता म्हणा. इथे माझं कोण आहे. पण तो विषय नको.)

आईला तर अजून सांगितलेलंच नाही कसल्या बाटल्या ते. घायपात म्हटलं की तिला बांधावरचं कुंपण आणि वाखाचे दोर आठवतात. मी दोरांचं काहीतरी करते असं ती शेजारी सांगते. सांगू दे.

तो 48 आला कुठून, हे मात्र माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं. मातीच्या हंड्यांतून उतरलेली धार. माएस्त्रोंनी बोरूच्या पोकळ कांडीने थोडी ओढून घेतली आणि उंचावरून भोपळ्याच्या वाटीत सोडली. वर बुडबुडे आले. त्यांना इथे मोती म्हणतात. ते केवढे आहेत, किती वेळ टिकतात, कडेला कसे गोळा होतात, हे माएस्त्रो मान वाकडी करून बघत राहिले आणि आकडा बोलले. मुलीने मागाहून मद्यार्काचे टक्के मोजणारा मापक बुडवला. 48. आणि जे झाड त्यात उतरलं ते डोंगरात 25 वर्षंसुद्धा उभं राहिलेलं असू शकतं. त्यापुढे माझं मनगट ते काय.

म्हणजे कागदावरचं खरं काम त्या आकड्याचंच? नाही, इतक्यात शरण जायचं नाही मला. पट्टी सोडली होती ना! पट्टीत लिहायला काय झालं होतं?

तरी एक आहे. गावात लग्नाला, मयताला हेच मेस्काल प्लास्टिकच्या कॅनमधून येतं, आणि चित्र कुठाय म्हणून कुणी विचारत नाही. त्यांना लागतं ते कोणत्या मागेयचं (घायपाताला इथे मागेय म्हणतात), कुणी गाळलं, किती कडक. चित्र लागतं लांबच्या गिऱ्हाइकाला. सरकारी नियमालाही वर्ग, मागेय, टक्के, राज्य असलंच काही हवं. माझं नाव खाली इतकं बारीक आहे की माएस्त्रोंना त्यांच्या चष्म्यातून ती मुंगी वाटली असेल. हे लिहिता लिहिता हसू आलं खरं.

पुढच्या बॅचला वटवाघूळ काढते म्हटलं होतं, मागेयच्या फुलांवर येतं ते. तर माएस्त्रो म्हणाले, त्याला कशाला चिडवतेस, तुरा तर आम्ही फुलायच्या आतच छाटतो, नाहीतर पिन्यातली, म्हणजे गाभ्यातली, साखर सगळी फुलात जाते. थोडी झाडं राखतो बियाण्यापुरती, तेवढ्यावरच त्याचं पोट.

तरी वटवाघूळच काढणार. काळंकुट्ट, पंख या कडेपासून त्या कडेपर्यंत. मुलीला तसा मेसेजही टाकला. आत्ताच उत्तर आलं: बाबा विचारतायत, काळ्यावर उठणारं पेन शहरात कुठे मिळतं?