ताश्कंदच्या चोरसू बाजारात तासगावचा बेदाणा

द्राक्षबागेच्या माणसाला परदेशी जायचं तर फळछाटणी सुरू होण्याआधीच. म्हणून आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, धाकटे दीर आणि जाऊबाई, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात उझबेकिस्तानात, ताश्कंदला जाऊन आलो. मला लिहायचंय ते चोरसू बाजाराबद्दल. तासगाव, पलूस, मिरज भागातून कुणी निघणार असेल तर एक अख्खी सकाळ या बाजारासाठी राखून ठेवा. टूरवाल्यांनी आम्हाला तिथे जेमतेम तासभर दिला. जीव भरला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही आमचे मेट्रोने परत गेलो. स्टेशनचं नावही चोरसूच. बाहेर आलं की निळ्या नक्षीचा मोठा घुमट समोर दिसतो, चुकायचा प्रश्नच नाही.

घुमटाखाली शिरलं की खालच्या मजल्यावर मटण, दूधदुभतं, लोणची. माळकरी माणसाला तिथला वास सोसणार नाही. जाऊबाईंनी पदर नाकाला लावला आणि आम्ही सरळ जिन्याने वर गेलो. वर गोल सज्जा आहे आणि त्यात सुकामेवा. बदाम, पिस्ते, जर्दाळू, आणि बेदाण्याचे ढीग: काळा, तांबूस, सोनेरी, हिरवा. आमची पावलं तिथेच थांबली.

तिथे बेदाण्याचा भाव ठरतो तो तो कसा वाळवला यावर. उन्हात तसाच पसरून वाळवलेला तो ‘ऑफ्तोबी’. क्षाराच्या उकळत्या पाण्यात घड बुचकळून मग उन्हात टाकलेला तो ‘ओबिजोश’. आणि सावलीत वाळवलेला, हिरवा राहिलेला तो ‘सोयागी’. आफताब म्हणजे सूर्य आणि साया म्हणजे सावली, हे शब्द आपल्यालाही ओळखीचे आहेत, त्यामुळे नावं लगेच लक्षात राहतात. आपला बेदाणाही सावलीतलाच. पण आपण घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकतो. त्याने मण्यावरची मेणासारखी लव पातळ होते, पाणी भराभर उडतं आणि साधारण पंधरा दिवसांत माल झाडायला येतो. त्यांच्या सोयागीला असलं काही लावत नाहीत. मातीच्या भिंतींना झरोके ठेवलेल्या खोलीत घड टांगतात आणि वाऱ्यावर सोडतात. महिना, कधी त्याहून जास्त. अवकाळीच्या एका सरीने शेडमधला माल काळवंडलेला आम्ही पाहिलाय. त्यामुळे महिनाभर निवांत वाळू देण्याइतकी कोरडी हवा किती मोलाची, हे आम्हाला कुणी सांगायला नको.

मी घरचा अर्धा किलो बेदाणा पिशवीत घेऊन गेले होते. तुम्हीही न्याच. नुसतं गिऱ्हाईक म्हणून गेलात तर दोन दाणे हातावर मिळतील आणि पुढे सरकाल. मी पिशवी उघडून आमचा सोनाका जातीच्या द्राक्षाचा लांबडा मणी सुकामेवा विकणाऱ्या एका बाईंसमोर धरला, तशा त्या उठूनच उभ्या राहिल्या. एक दाणा उजेडात धरला, दाबला, मग दाताखाली घेतला. शेजारच्या दोघींना हाक मारली. मोबाईलवरच्या भाषांतरातून त्यांचा पहिला प्रश्न आला: बी कुठे गेली? दुसरा: एवढा लांब कसा? ह्यांनी शेडचे फोटो दाखवले. मग त्यांनी आम्हाला बसायला स्टूल दिलं, हिरवा चहा मागवला आणि गल्ल्यामागे ठेवलेला सोयागी काढला. मणी बारीक, गोल. साल आपल्यापेक्षा जाड वाटली, पण आंबटगोड चव जिभेवर बराच वेळ राहते. सांगली बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी त्यांना सांगितलं. किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी माझा हात दाबला.

भाषेचं दडपण घेऊ नका. बाजाराला बोझोर, अंजिराला अंजिर, जिऱ्याला झिरा, कांद्याला पियोझ. दोन शब्दांना मात्र जपा. ‘किम्मत’ म्हणजे तिथे महाग. मी आपली ‘किंमत?’ विचारत होते आणि समोरची बाई भाव उतरवत होती. भाव विचारायचा तर ‘कांचा?’ म्हणा. दुसरा शब्द ‘अका’. तो थोरल्या भावाला म्हणतात. आपल्या सवयीने बाईला आक्का म्हणाल तर घोटाळा होईल. बाईला ‘ओपा’ म्हणायचं.

खाण्यात शाकाहारी माणसाने नान घ्यावा. बाजारातच भट्ट्या आहेत, गरम मिळतो. सोबत टरबुजं, द्राक्षं, डाळिंबं. सोम्सा म्हणजे भट्टीतला समोसा. भोपळ्याचाही मिळतो, पण त्यात मेंढीची चरबी घालण्याची पद्धत आहे, तेव्हा विचारून घ्या. मांस नको असेल तर ‘गोश्तसिझ’ म्हणा. पुलावाच्या कढईत मटण असतंच.

पैसे रोख ठेवा, तेही सुटे. सोम म्हणजे तिथलं चलन, त्याच्या नोटांवर शून्यं इतकी की पहिल्या दिवशी गोंधळ उडतो. भाव करायला हरकत नाही, मात्र चव घेऊन मगच करा. पिवळाधमक, चकाकणारा माल टाळा. अशा मालाला दिलेली गंधकाची धुरी आपल्याला वासावरून कळते, तिथेही तेच नाक वापरा. माल एकाच ढिगातून घ्या आणि पिशवी समोर भरून घ्या. द्राक्षाची काडी किंवा बी आणायचा मोह बागायतदाराला होतोच, दीरांनाही झाला. पण परवान्याशिवाय ती देशात आणता येत नाही आणि नवा रोग बागेत आला तर साऱ्या गावाला भोगावं लागेल. नवा बेदाणा घ्यायचा असेल तर ऑक्टोबरात जावं लागेल. तेव्हा आपल्याकडे छाटणी आणि कोवळे घड संजीवकात बुडवायची धांदल, त्यामुळे बागायतदाराने ऑगस्टच धरावा.

बाजारातून परतताना शास्त्रीजींच्या पुतळ्याशी जाऊन आलो. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री ते गेले. तेव्हा त्यांच्यासोबत संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते, आपल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले. ह्यांनी पिशवीतला उरलेला मूठभर बेदाणा तिथे ठेवला.