पापडाचा भाव

निर्वासितांवरच्या कादंबऱ्या मला आवडतात, दिसली की वाचतेच, पण त्यात मैत्री ज्या पद्धतीनं जुळते ना, त्याचं हसू येतं. एखादा एकटा म्हातारा किंवा नवरा गेलेली बाई असते, दारात परक्या मुलखातला माणूस येतो, हे त्याला गरम सूप देतात, तो रडतो आणि पुढची दोनशे पानं कृतज्ञ राहतो. सतत कृतज्ञ! खऱ्या माणसाला वैताग नाही का येणार?

बडोद्यात वारसियाला सिंधी वस्ती आहे, फाळणीनंतरची. तिथल्या एक बाई दांडिया बाजारात आमच्या वाड्यात पापड विकायला यायच्या. आजी सांगायची, पहिल्या दिवशी तिला दया आली, बिचारी घरदार टाकून आलीये म्हणून भाव न करता पैसे दिले, वर थोडे जास्तच दिले, तर बाईंनी जास्तीचे मोजून परत केले आणि सरळ पुढचं दार वाजवलं. आजीला ते चांगलंच लागलं. पुढच्या खेपेला तिनं मुद्दाम घासाघीस केली, त्याही हटेनात, आणि तिथून खरं जमलं दोघींचं. बोलायच्या गुजरातीत, तेही दोघींचं दिव्यच, त्यामुळे भांडण लांबायचं आणि तेवढ्यात चहा व्हायचा. त्या आजीला अदी (सिंधीत ताई) म्हणायच्या, आजी समोर त्यांना बाई म्हणायची आणि पाठीमागे चिक्कू मारवाडी (जात-गाव सगळंच चुकलेलं). हैद्राबादहून आलोय म्हणाल्या तर आजी कित्येक वर्षं निजामाचंच हैद्राबाद धरून चाललेली, सिंधमधे पण एक आहे हे आजोबांनी सांगितलं तेव्हा कळलं. आणि आपण तरी इथले कुठले, गायकवाडांच्या मागे आलेलो, आधी येऊन बसलो म्हणून यजमान, बाकी काय!

मला विचाराल तर खरी कादंबरी कोल्हापूरजवळ वळिवड्याला पडलीये. सोव्हिएत रशियानं सायबेरिया-कझाकस्तानात हाकलून दिलेले पोलिश लोक, त्यात बायका-मुलंच जास्त, इराणमार्गे भटकत इथवर आले आणि 1943 ते 1948 जवळपास 5000 जण तिथल्या छावणीत राहिले, शाळा, चर्च सगळं थाटून. एका पोलिश मुलीनं तर कोल्हापूरकराशी लग्न केलं आणि ती तिथलीच झाली. बाकीचे गेले, आणि त्याच छावणीत कोण आलं तर सिंधी निर्वासित! आज ते गांधीनगर, कपड्यांचं होलसेल मार्केट, लग्नाच्या साड्या घ्यायला लोक लांबलांबून जातात आणि आपण कुठे उभे आहोत याचा बहुतेकांना पत्ता नसतो.

मी लिहिली तर छावणीबाहेरचा एक भाजीवाला घेईन. आधी पोलिश बायकांनी खुणा करकरून बटाट्याचा भाव पाडलेला, त्या गेल्या म्हणून हुश्श करतोय तोवर सिंधी बायका हजर, आणि ह्या तर हिशोबात त्याच्या बाप. दोन्ही वेळा हा बुडालो बुडालो म्हणून ओरडणार. दयाळूबियाळू अजिबात करायचा नाही त्याला. उधारी देईल, पण महिना भरला की वही घेऊन दारात उभा.