आमची वाटचाल : दहा हजार किलोमीटर ‘किंवा’ एक वर्ष

2008च्या दिवाळीनंतर दर्यापूरच्या बाहेर रस्त्याच्या कडेला गॅरेजसाठी टिनाचं शेड टाकलं, तेव्हा आमच्याकडे गाडीखाली उतरून काम करायचा एक खड्डा, दोन जॅक आणि पान्यांचा एक सेट होता. त्याआधी सात वर्षं मी अमरावतीत दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. वडील बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवायचे. आस, आरे, धाव यांतलं त्यांना सगळं कळे, मोटारीतलं काही नाही. पण शेडचं लाकूडकाम त्यांनीच केलं. रोज संध्याकाळी येऊन ते विचारत, ‘आज किती गाड्या?’ उत्तर बहुतेक वेळा ‘एक’ असायचं. तीही ट्रॅक्टरला दोर लावून ओढून आणलेली.

बंद पडल्याशिवाय कोणी यायचंच नाही. ‘गाडी तं चालून राह्यली ना भाऊ, मंग काहाले खोलता?’ हे पहिली दोन वर्षं रोजचं होतं. गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडून दाखवली, तर माणूस त्यातला दहा हजारांचा आकडा वाचून हसायचा. ‘माही तं साडेतीन हजारच फिरली.’ त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडची घरची गाडी फिरून फिरून किती फिरणार? बाजार, लग्नसराई, शेगावचं दर्शन, पोराच्या परीक्षेला अमरावती. बाकी दिवस ती निंबाखाली चादर पांघरून उभी. पण पुस्तिकेत पुढेही लिहिलेलं असतं : दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. लोक अर्धंच वाक्य वाचत. आमचा धंदा उभा राहिला तो त्या ‘किंवा’वर.

तोंडी समजावून कोणाला पटलं नाही. मग मी ऑइल भरायचं झाकण काढून गिऱ्हाइकाच्या हातात उलटं द्यायला लागलो. कमी फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली, विशेषतः हिवाळ्यात, दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर धरलेला असतो. घरून बाजारात जाऊन आलं की दोन किलोमीटर होतात. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत नाही, थोडं न जळलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. ऑइलचा चिकटपणा असा बसल्याजागी जातो. बोटाला लागलेला तो चीक पाहिला की माणूस गप होऊन विचारतो, ‘कितीक लागन?’ बंडीच्या चाकाला ओंगण, म्हणजे वंगण, द्यायला तिनं किती कोस कापले हे कोणी मोजत नसे, एवढं मात्र मला आठवण करून द्यावं लागलं नाही, ते त्यांचं त्यांनाच आठवलं. एका काकांच्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कापसाचं घरटं केलं होतं, पिलांसकट. ती गाडी ‘अ‍ॅव्हरेज देत नाही’ म्हणून आली होती.

दुसरी लढाई पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पण रेडिएटरमध्ये तेच ओतायचे, कारण ‘पानी तं पानीच असते जी’. क्षार आत थरावर थर धरतात, ॲल्युमिनियमचं हेड खारं पाणी खातं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की गाडी रस्त्यात उकळते. आतून खपली धरलेला एक रेडिएटर कापून आम्ही शेडच्या दारात टांगून ठेवला. तो अजून आहे. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरशिवाय आमच्याकडे काही भरलं जात नाही, भांडलात तरी नाही.

मे 2012चं सांगितल्याशिवाय ही वाटचाल पुरी होत नाही. एका मास्तरांची गाडी सर्व्हिसिंगला होती, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना अमरावतीला लग्नाला जायचं होतं. ड्रेन नट, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल सोडायचं बूच, मी हातानं लावला आणि बाहेर बंद पडलेल्या जीपकडे गेलो. ऑइल हाताखालच्या पोरानं भरलं. मी समजलो नट पोरानं आवळला, पोरगा समजला मी. अमरावतीच्या अलीकडे नट गळून पडला. लाल दिवा लागला, पण मास्तरांना वाटलं बॅटरीचा असेल, ते तसेच चार किलोमीटर गेले. इंजिन जाम. गाडीत नवरीची मावशी आणि आहेराच्या पिशव्या.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘मंग आवळला कोनं?’ क्रँक, बेअरिंग, मजुरी मिळून 22,000 गेले. तेव्हा ती रक्कम आमच्यासाठी किती मोठी होती ते बायकोच्या गळ्याला माहीत. तिनं स्वतःहून पोत काढून दिली.

तेव्हापासून नियम एकच. आवळणारा वेगळा, तपासणारा वेगळा. टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, नट बसला की तपासणारा नटावरून ऑइलच्या चेंबरवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. वॉशर दर वेळी नवा. त्या खर्चानंतर रजिस्टर बायकोनं हातात घेतलं, आणि खरं सांगायचं तर गॅरेजचा धंदा तेव्हापासून झाला. त्याआधी आमचं नुसतं काम होतं.

काचेवर स्टिकर लावायची कल्पना तिची. पुढची तारीख मोठ्या अक्षरात, किलोमीटर बारीक. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायचाच असतो, म्हणून आम्ही आधी सगळ्यांना दसऱ्याच्या आधीची तारीख दिली. आपटलो. त्या दिवसांत आमच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. शेतात सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागते, कापूस विकला जातो, मग कुठे खिसा बोलायला लागतो. अर्धं काम उधारीवर गेलं. पुढच्या वर्षीपासून मोठी सर्व्हिसिंग डिसेंबर-जानेवारीत, आणि मेअखेरीस एक छोटी : ब्रेक, वायपर, टायर, बॅटरी. त्या छोटीची मजुरी आम्ही घेत नाही. ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदलतोच. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि चिखलदऱ्याच्या उतारावर नेमकं उकळतं. गाडी वर्षभर उभी होती, हा त्याला बहाणा चालत नाही.

रस्ते बदलले तसं कामही बदललं. जून 2022मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली. आमचं शॉकॲब्सॉर्बर आणि बुशचं काम त्यानंतर कमी झालं. हसू नका, पान्याला पान्याचा हिशोब असतो. डिसेंबर 2022मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि टायरची काळजी वाढली. नक्षी शाबूत, तीन हजार किलोमीटर फिरलेला, पण उन्हात उभा राहून कडेला तडकलेला टायर घेऊन माणूस ताशी 120नं निघतो. म्हणून टायरच्या अंगावरचे चार आकडे वाचायला आम्ही प्रत्येकाला शिकवतो. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळांना तो गाडीचा नंबर वाटतो.

2020च्या एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे नियम, आल्यावर पाना बाजूला ठेवून गाडीतल्या कॉम्प्युटरचा बिघाड वाचणारा स्कॅनर घ्यावा लागला. तो घेताना हात थरथरले, कर्जाचा हप्ता होता आणि टाळेबंदीत शेड बंद. त्यातही डिझेल गाडीचं दुखणं आमच्या भागाला नेमकं जुळणारं : रोज गावातल्या गावात फिरलं की धुराची काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. तो आतल्या आत जळून साफ व्हायला सलग रस्ता लागतो. अशा गिऱ्हाइकाला मी काहीही न खोलता मूर्तिजापूरपर्यंत जाऊन यायला सांगतो. फिल्टर तुंबल्याचा डॅशबोर्डवरचा दिवा विझला तर बिल नाही. बायकोला हे पटत नाही.

आता गाडी वर उचलणारी टू-पोस्ट लिफ्ट आहे, कामाला चार पोरं आहेत, खड्डा बुजवला. मास्तरांची गाडी अजून येते, पिवळी रेघ ते स्वतः वाकून पाहतात. जानेवारीत गर्दी असते, फोन करून या. फोन घरचीच मंडळी उचलते, आणि मागची तारीख तिला पाठ असते.