चूक कोणाची नव्हे, वीज कोणाची

वादळानंतर तुटून पडलेल्या विजेच्या तारेवर पाय पडून एक शेतमजूर जागीच गेला. त्याच्या पत्नीने वीज कंपनीवर केलेला नुकसानभरपाईचा दावा वकील म्हणून माझ्याकडे होता. कंपनीची कैफियत ठरलेली: वादळ ही दैवी आपत्ती, आमचा हलगर्जीपणा असेल तर वादीने तो शाबीत करावा.

तिने तो शाबीत करायचा कशाच्या जोरावर? देखभालीची नोंदवही कंपनीकडे, उपकेंद्रातलं लॉगबुक कंपनीकडे, वायरमनही कंपनीचाच. आमच्या हाती पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल, एवढंच.

कंपनीच्या अभियंत्याचा उलटतपास चालू असताना न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं, "तार जमिनीवर पडली, तरी प्रवाह चालू कसा राहिला?"

"साहेब, फीडर ट्रिप व्हायला हवा होता, म्हणजे त्या वाहिनीचा प्रवाह आपोआप बंद व्हायला हवा होता."

"झाला का?"

"नाही."

साहेबांनी हे उत्तर शब्दन् शब्द नोंदवून घेतलं. वादळावर ढकललेली जबाबदारी तिथेच कंपनीकडे परतली.

युक्तिवादात मी कठोर दायित्वाचा, आम्ही वकील ज्याला स्ट्रिक्ट लायबिलिटी म्हणतो तो, नियम मांडला. 1868 सालचा रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडमधला खटला त्याचं मूळ. तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं आणि तलावाच्या मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा नसतानाही तो जबाबदार ठरला. मात्र त्या नियमाला दैवी आपत्तीसारखे अपवाद आहेत आणि कंपनीची सगळी भिस्त त्यांवरच होती. मी मध्य प्रदेश वीज मंडळाविरुद्धचा 2002 चा निवाडा दाखवला. तिथे रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वाराचा बळी घेतला होता. कोणी वीजचोरीसाठी तार जोडली होती, हा मंडळाचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही.

दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात, 1986 साली, न्यायमूर्ती भगवतींच्या घटनापीठाने तर धोकादायक उद्योगांसाठी हे अपवादच काढून टाकले. पण भरपाईसाठी पीडितांना दावे लावावेच लागणार होते. म्हणून मला वाटतं, असं तत्त्व टिकतं की कागदावरच राहतं, हे खालच्या कोर्टातल्या उलटतपासात ठरतं. त्या दिवशी न्यायाधीशांनी नेमका प्रश्न विचारला नसता, तर वरचे निवाडे असूनही ही बाई रिकाम्या हाताने घरी गेली असती.

दावा व्याजासह मंजूर झाला. पावसाळ्यात वारा सुटणं अनपेक्षित नाही, असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं होतं. कंपनी अपिलात गेली. स्थगिती मिळाली, पण रक्कम कोर्टात भरण्याच्या अटीवर, आणि त्यातला काही हिस्सा काढून घ्यायची परवानगी आम्ही मिळवली.