दुसरी धाव

बायथलॉन म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर बर्फ, स्की आणि पाठीवरची रायफल येते. हिवाळी ऑलिंपिकमध्ये 1960 पासून असलेला तो खेळ वेगळा. आपल्या शाळेच्या संघाने धरला तो मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या खेळाच्या कुळातला: आधी धावायचं, मग पोहायचं आणि पाण्यातून निघालं की लगेच पुन्हा धावायचं. मोठ्या गटात साधारण दीड किलोमीटर धाव, 200 मीटर पोहणं आणि परत तेवढीच धाव. स्मरणिकेसाठी काय लिहावं याचा मला विचारच करावा लागला नाही. आज मी लांब पल्ल्याच्या शर्यती धावते, ते त्या दुसऱ्या धावेमुळे.

पहिल्या धावेत सगळेच ताजे असतात. कस लागतो तो तलावाच्या काठावर. इतका वेळ आडवं असलेलं शरीर एकदम उभं राहतं, हात आणि खांदे राबलेले असतात, डोकं क्षणभर हलकं होतं आणि पाय तर आपले वाटतच नाहीत. त्यात ओल्या पायांत बूट चढवायचे. पोहण्याचा सराव एका वेळी आणि धावण्याचा दुसऱ्या वेळी अशी पद्धत सर्रास दिसते. आमचे क्रीडाशिक्षक मात्र दोन्ही जोडूनच घेत. त्यांचं हे शहाणपण मला मोठेपणी, इतरांचा सराव पाहिल्यावर जास्त कळलं. शेवटच्या 25 मीटरमध्ये पाय जोरात मारा, म्हणजे ते धावायला जागे होतील. बुटांना इलॅस्टिकची लेस लावा, आत पावडर टाका. पहिली पावलं छोटी आणि भरभर टाका, ढांगा नंतर. मी घाई करायला लागले की सर काठावरून ओरडत, "अगं, पाय येतील! जरा वेळ दे त्यांना." आणि पाय खरोखरच यायचे.

सर सगळ्यांच्या वेळा वहीत टिपून ठेवत. आम्हाला त्यातला शेवटचा आकडा तेवढा दिसायचा. सरांनी दोन्ही धावांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते. पोहण्यात उंच, लांब हातांच्या मुली माझ्या पुढे निघू लागल्या होत्या, पण दुसऱ्या धावेत माझा वेग जेमतेम काही सेकंदांनीच उतरायचा. दहावीच्या वर्षी त्यांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "तू वेगाची नाहीस, दमसासाची आहेस. पल्ला वाढवून बघू." एखाद्या मुलीकडे इतक्या बारकाईने पाहणारा शिक्षक लाभणं हे फार मोठं भाग्य आहे.

पल्ला वाढवणं मात्र सोपं नव्हतं. पोहण्याने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, पण पाणी शरीराचं वजन तोलून धरत असल्यामुळे हाडांना आणि स्नायुबंधांना धक्क्यांची सवय होत नाही. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. म्हणून पोहण्यातून आलेल्या धावपटूला धोका जास्त: धाप लागत नाही, आणखी धावावंसं वाटतं आणि नडग्या दुखायला लागतात. माझ्याही दुखल्या. सरांनी अंतर हळूहळू वाढवलं, बराचसा सराव गवतावर आणि गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने ठेवला आणि पोहणं अजिबात बंद केलं नाही. पायांना विश्रांती देऊन दम टिकवण्याचा तोच उत्तम मार्ग होता. 1500 मीटरवरून 5000, मग 400 मीटरच्या ट्रॅकवर 25 फेऱ्यांची 10,000 मीटर, आणि पुढे अर्धमॅरेथॉन.

दहा हजार मीटरमध्ये पंधराव्या फेरीनंतर पाय परके वाटायला लागतात. शेवट अजून दूर असतो, सुरुवातीचा जोश संपलेला असतो. अनेक चांगल्या धावपटू तिथे बिचकतात. मला ती अवस्था तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ओळखीची होती. पावलं छोटी करायची, ताल धरायचा, पायांना वेळ द्यायचा.

या वाटेने जाणारी मोठी माणसंही आहेत. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचं (पोहणं, सायकल आणि धावणं) सुवर्ण जिंकणारी अमेरिकेची ग्वेन जॉर्गेन्सन मूळची जलतरणपटू. ती नंतर मॅरेथॉनकडे वळली, 2018 मध्ये शिकागोला अकरावी आली आणि पुढे पुन्हा ट्रायथलॉनमध्ये परतली. पॅरिसचा 2024 चा विजेता अ‍ॅलेक्स यी याने पुढच्याच वर्षी लंडन मॅरेथॉन 2 तास 11 मिनिटं 8 सेकंदांत पूर्ण केली. म्हणूनच आठवीतल्या मुलाला "एकच खेळ निवड" असं बजावणाऱ्या पालकांशी मी आवर्जून वाद घालते. निवडायला पुढे भरपूर वर्षं असतात.

मी सध्या पहिल्या मॅरेथॉनची तयारी करते आहे. तिशीच्या किलोमीटरांत शरीरातला साखरेचा साठा आटत जातो, म्हणून धावता धावता खाण्यापिण्याचा सराव चालू आहे. लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी अजूनही पोहते. शाळेच्या नव्या संघाला तलाव ते ट्रॅक हा बदल शिकवायला यायचं मी कबूल केलं आहे. मुलांनी बूट, गॉगल आणि इलॅस्टिकच्या लेस घेऊन यावं. बाकीचं मी आणि सर बघून घेऊ.