तीन जानेवारीची विषयपत्रिका

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात एका क्रीडा रेडिओ केंद्रावर सकाळच्या चर्चेच्या कार्यक्रमाची निर्माती म्हणून मी काम करते. दोन सूत्रसंचालकांनी एकेका विषयावर परस्परविरुद्ध बाजू मांडायच्या, श्रोत्यांनी फोन करून त्या वादात भर घालायची आणि आदल्या रात्री विषय निवडून दोन्ही बाजूंना लागणारे आकडे, नियम व जुने दाखले मी काढून ठेवायचे, अशी कामाची वाटणी आहे. अमेरिकन फुटबॉल हा आमचा मुख्य विषय, आणि बास्केटबॉल, बेसबॉल व इतर खेळ त्याच्या जोडीला असतात. हे काम मला मनापासून आवडते, कारण नीट तयारी करून घातलेल्या वादातून खेळ जितका उलगडतो तितका नुसत्या निकालातून उलगडत नाही, असे मला वाटते.

२ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची विषयपत्रिका जवळपास तयार होती. पहिला विषय अर्थातच ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा होता. ३१ डिसेंबरच्या रात्री अटलांटातल्या पीच बोलमध्ये, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात, आमच्या शहराचा हा संघ चौथ्या क्वार्टरमध्ये १४ गुणांनी पुढे असूनही जॉर्जियाकडून ४२–४१ असा हरला होता, आणि अखेरची ५० यार्डांची किक बरोबर मध्यरात्रीच्या ठोक्याला खांबांच्या डावीकडून बाहेर गेली होती. पण श्रोत्यांचा खरा राग किकवर नव्हता. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवण्याच्या पट्ट्यात, मार्विन हॅरिसन ज्युनियर या रिसीव्हरला (चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला) जोराची धडक बसली, पंचांनी आधी टार्गेटिंगचा, म्हणजे डोक्यावर बेकायदा धडक दिल्याचा, दंड दिला, नंतर चित्रफीत पाहून तो मागे घेतला, आणि डोक्याला मार लागलेला हॅरिसन पुन्हा मैदानात उतरलाच नाही. ‘तो खेळला असता तर आपण जिंकलो असतो’ हे वाक्य दोन दिवस शहरभर ऐकू येत होते, आणि धडक नियमात बसत होती की नाही, यावर आम्ही वाद ठेवला होता. दुसरा विषय त्या रात्रीच्या सामन्याचा होता. एनएफएल या व्यावसायिक लीगमधले सिनसिनाटीचे बंगाल्स आणि बफेलोचे बिल्स सिनसिनाटीत समोरासमोर होते. कॅन्सस सिटीचे १३ विजय व ३ पराभव, बिल्सचे १२ व ३, बंगाल्सचे ११ व ४, आणि लीगच्या ज्या अर्ध्या भागात हे तिन्ही संघ होते त्यात पहिल्या येणाऱ्या एकाच संघाला प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीत विश्रांती मिळणार होती.

पहिल्या क्वार्टरची ५ मिनिटे ५८ सेकंद उरलेली असताना बंगाल्सच्या टी हिगिन्सने चेंडू झेलला आणि बिल्सचा सेफ्टी, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, डमार हॅमलिन याने त्याला टॅकल करून अडवले. टक्कर पाहणाऱ्याला ती अगदी नेहमीची वाटावी अशी होती. हॅमलिन उठून उभा राहिला, दोन पावले चालला आणि मागच्या मागे कोसळला. तो २४ वर्षांचा होता. मैदानातच त्याला सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा उपचार) देण्यात आला, एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) वापरण्यात आले, त्याच्याभोवती दोन्ही संघांच्या खेळाडूंनी कडे केले, आणि रुग्णवाहिका त्याला सिनसिनाटी विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे घेऊन गेली. खेळ पुन्हा सुरू होणार का, हे बराच वेळ कोणी सांगत नव्हते. दोन्ही प्रशिक्षक मैदानात एकमेकांशी बोलले, आपापले संघ आत घेऊन गेले, आणि रात्री दहाच्या सुमारास लीगने सामना त्या रात्रीपुरता थांबवल्याचे जाहीर केले.

त्याच रात्री आमच्याच राज्यात, क्लीव्हलँडमध्ये, डॉनोव्हन मिचेलने शिकागो बुल्सविरुद्ध ७१ गुण केले. एरवी आठवडाभर पुरला असता असा तो विषय होता. मिचेलने आपलाच हुकलेला फ्री थ्रो पकडून बास्केट केली, सामना अतिरिक्त वेळेत नेला आणि क्लीव्हलँडने तो १४५–१३४ असा जिंकला. हे सगळे मी कर्तव्य म्हणून टिपून ठेवले, पण त्यावर मत मांडण्याची इच्छा आमच्यापैकी कोणालाही राहिली नव्हती.

रात्री उशिरा वरिष्ठांनी, दोन्ही सूत्रसंचालकांनी आणि मी फोनवर चर्चा केली. वरिष्ठांचे म्हणणे असे की, श्रोते वाद ऐकायला येतात, तेव्हा ‘सामना थांबवायला हवा होता का’ हाच प्रश्न दोन बाजूंनी मांडावा. माझा त्याला विरोध होता, आणि तो भावनेपोटी नव्हता. या प्रश्नाला दुसरी बाजू नाही, हे दाखवणारे दाखले माझ्या टिपणात होते. २४ ऑक्टोबर १९७१ रोजी डेट्रॉईटमध्ये लायन्स या एनएफएल संघाचा चक ह्यूज शिकागोविरुद्धच्या सामन्यात हृदयविकाराने कोसळला, त्याला बाहेर नेण्यात आले आणि सामना पुढे खेळून संपवण्यात आला. ह्यूज त्याच दिवशी वारला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा सॉकरपटू ख्रिस्तियन एरिक्सन सामन्यात कोसळला, तो शुद्धीवर आल्याचे कळल्यावर सामना त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाला, डेन्मार्कचा कर्णधार सिमोन केअर याला तो पूर्ण खेळवेना, आणि डेन्मार्कच्या प्रशिक्षकांनी नंतर उघडपणे सांगितले की त्या रात्री खेळायलाच नको होते. खेळलेल्यांनीच उत्तर दिलेल्या प्रश्नाची बाजू आम्ही स्टुडिओत बसून उलटी मांडायची, तर ती केवळ आवाजासाठी मांडली असती. राष्ट्रीय पातळीवरच्या एका प्रसिद्ध वादपटूने त्याच रात्री ट्वीट करून हंगामाच्या या टप्प्यावर सामना पुढे कसा ढकलणार असे विचारले होते, आणि त्यावर उसळलेला संताप मला रास्त वाटला, कारण प्रश्न अवघड असला तरी त्या घटकेला तो विचारण्यासारखा नव्हता. फुटबॉल खेळलेल्या सूत्रसंचालकाने माझी बाजू उचलून धरली आणि वरिष्ठांनी ऐकले.

त्या धावपळीत नाशिकहून बाबांचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती. ऋषभ पंतच्या ३० डिसेंबरच्या अपघाताची बातमी त्यांच्या मनात ताजी होती, त्यात मुलीच्या कामाचा खेळ म्हणून ते हेही पाहत होते. ते म्हणाले, “नरी कॉन्ट्रॅक्टरला बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला तेव्हा वॉरेलनं रक्त दिलं, हे आम्हाला पाठ आहे. तो सामना कोण जिंकलं ते मात्र विचारू नकोस.” १९६२ च्या त्या वेस्ट इंडीज दौऱ्यात भारताचे कर्णधार कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. हा दाखला मी सूत्रसंचालकांना दिला आणि त्यांनी तो सकाळी वेस्ट इंडीजचा कर्णधार वॉरेल याचे नाव घेऊन सांगितला.

सकाळी आम्ही दोन नियम पाळले. हॅमलिनच्या आजाराचे निदान कोणीही करायचे नाही, आणि प्लेऑफच्या क्रमवारीवर शब्दही काढायचा नाही. पाहुणे म्हणून वादपटूंऐवजी एका हृदयरोगतज्ज्ञांना बोलावले. हॅमलिनला नेमके काय झाले हे सांगायला त्यांनी नकार दिला. ठोक्यांच्या चक्रातल्या एका विशिष्ट क्षणी छातीवर आघात झाला तर निरोगी हृदयही बंद पडू शकते, हे कॉमोशिओ कॉर्डिस नावाचे कारण त्यांनी केवळ शक्यता म्हणून समजावले. पुढे एप्रिलमध्ये हॅमलिनने स्वतः तेच निदान जाहीर केले. एईडीचा झटका मिळायला होणाऱ्या उशिराच्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे त्यांचे वाक्य आम्ही कार्यक्रमात पुन्हा पुन्हा ऐकवले. मग एका शालेय संघाच्या प्रशिक्षकाचा फोन आला. त्यांच्या शाळेतले एईडी व्यायामशाळेच्या कार्यालयात असते, सरावाचे मैदान रस्त्यापलीकडे आहे आणि संध्याकाळी ते कार्यालय बंद असते, असे त्यांनी सांगितले. त्यानंतरचा जवळजवळ तासभर याच विषयात गेला. पालक, एक परिचारिका, शाळेतली एक ट्रेनर असे लोक बोलत राहिले, आणि कोण बरोबर हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही.

हॅरिसनवरच्या धडकेचा विषय निघालाच नाही असे मात्र नाही. ओहायो स्टेटच्या एका जुन्या चाहत्याने फोन करून सांगितले की, दोन दिवस आपण त्या मुलाच्या मेंदूला बसलेल्या धक्क्याबद्दल फक्त एका गुणाच्या हिशेबात बोलत होतो. हे त्याने शांतपणे, कोणावर ठपका न ठेवता मांडले. त्या सकाळी ऐकलेल्या बोलण्यातले सर्वांत नेमके बोलणे मी तेच मानते.

माझ्या टिपणातला एक विषय मात्र मी वादासाठी आग्रहाने पुढे केला, आणि तो दुसऱ्या दिवशी घेतला गेला. हॅमलिन २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) सहाव्या फेरीत निवडला गेलेला, दुसरेच वर्ष खेळणारा खेळाडू होता. लीगच्या निवृत्तिवेतनासाठी तीन मान्य हंगाम लागतात. म्हणजे त्या टॅकलनंतर तो पुन्हा कधी खेळू शकला नसता, तर ज्या खेळाने त्याला जायबंदी केले त्याच्या निवृत्तिवेतनाला तो पात्रही ठरला नसता. त्याच आठवड्यात त्याच्या करारातले आणखी एक कलम चर्चेत आले, जखमी यादीत गेल्यास उरलेला पगार कमी करणारे. बिल्स आणि लीग यांनी ते बाजूला ठेवून पूर्ण पगार देण्याचे ठरवले, ही चांगली गोष्ट झाली. पण ज्याचे नाव देशभर पोहोचले त्याच्यासाठी कलम बाजूला ठेवणे आणि कोणाला माहीत नसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूसाठी ते आधीच बदलणे, यांत मोठे अंतर आहे. इथे दोन बाजू खऱ्याखुऱ्या होत्या. एका सूत्रसंचालकाने खेळाडूंच्या संघटनेने २०२० मध्ये हाच करार मतदानाने स्वीकारला याकडे बोट दाखवले, तर दुसऱ्याने सरासरी कारकीर्द इतकी तोकडी असलेल्या धंद्यात तीन वर्षांची अट कोणाच्या सोयीची आहे, असे विचारले. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे आणि ते लपवत नाही.

हॅमलिन शुद्धीवर आल्याचे ५ जानेवारीला डॉक्टरांनी सांगितले. त्याने आधी लिहून विचारले होते, आपण जिंकलो का? तो सामना त्याच दिवशी रद्द झाला, त्यामुळे संघांचे सामने कमीजास्त राहून क्रमवारी अडली, आणि पुढच्या दिवशी संघमालकांनी, बंगाल्स आणि बाल्टिमोरचे रेव्हन्स यांच्या प्लेऑफमधल्या लढतीचे ठिकाण प्रसंगी नाणेफेकीने ठरवण्याचा मार्ग मंजूर केला. आता क्रमवारीवर बोलायला हरकत नव्हती, आणि आम्ही भरपूर बोललो. हंगामाच्या मधोमध नियम बदलणे बंगाल्सवर अन्याय करणारे आहे, हे त्यांच्या प्रशिक्षकांचे म्हणणे मला तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. बंगाल्सनी पुढच्या सामन्यात रेव्हन्सना हरवले म्हणून नाणे उडवण्याची वेळ आली नाही, आणि २२ जानेवारीला बफेलोच्या बर्फात त्यांनी बिल्सना २७–१० असे हरवून क्रमवारीचा प्रश्न मैदानातच निकालात काढला. शालेय प्रशिक्षकांचा फोन मात्र फेब्रुवारीत पुन्हा आला: एईडी आता सरावाच्या मैदानाजवळच्या शेडमध्ये असते आणि त्या शेडची किल्ली प्रत्येक प्रशिक्षकाकडे दिलेली आहे.