ब्रश कटर सुरूच होत नाही? आधी ठिणगी बघा

टाकीत ताजं पेट्रोल आहे, चोक लावलाय, दोरी ओढून हात दुखले, तरी इंजिन दाद देत नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलायची घाई करू नका. स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा भाग, काढा. तो ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, शोध ठिणगीचा घ्यायचा.

प्लग पुसा, त्याच्या टोकांमधली फट (गॅप) ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ येते. सावलीत दोरी जोरात ओढा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळसर, मरतुकडी दिसली तर आधी नवा प्लग लावून बघा.

ठिणगीच नाही? मग कॉइलला (ठिणगीची वीज बनवणारा भाग) जाणारी स्टॉप स्विचची बारीक वायर सुटी करून पुन्हा तपासा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे. स्विच खराब आहे किंवा वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय. हँडलजवळ, थरथरीने घासते तिथे हमखास सापडते. कॉइल बदलण्याआधी हे केलंच पाहिजे, नाहीतर पैसे फुकट जातात. वायर सुटी असताना इंजिन चालू झालं तर स्विचने बंद होणार नाही, चोक लावून बंद करा.

तरीही नाही, तर फ्लायव्हीलच्या (इंजिनसोबत फिरणारं जड चाक) चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने काढा. कॉइल आणि चुंबकात साधारण ०.३ मिमी अंतर ठेवा. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळले की जमतं.

ठिणगी कडक, पण दोरी उलटा झटका देते? फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) कापली गेलीय का ते बघा.